डोकं घेऊन ये

२०२२ साली टोपीवाला एक्याऐंशी वर्षांचा होता आणि मी बाहत्तरचा. दोघांनाही अक्कल यायला भरपूर वेळ मिळालेला. ती आली नाही. त्याचं भोगणं मात्र आमच्या वाट्याला आलं नाही, ते माझ्या नातीच्या वाट्याला गेलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

आज ती तेराची आहे. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. हातात कप दिला तर धरून बसते, प्यायचा असतो हे सांगावं लागतं. हसते मात्र खूप. कशालाही हसते. हे मी आधीच सांगून टाकतो. टोपीवाल्याच्या गोष्टी ऐकून लोकांना हसू येतं, आणि कुणी पोटभर हसल्यावर मग त्याला हे सांगणं मला बरं वाटत नाही.

त्याचं दुकान कल्याणला, बाजारातल्या एका बोळात. रुंदीला एका खाटेएवढं. पाटीवर वर जुन्या रंगात ‘टोप्या शिवून मिळतील’ आणि खाली नव्या रंगात ‘सायकलचे हेल्मेट’. पन्नास वर्षं त्याने काळ्या टोप्या शिवल्या. लग्नाच्या, कचेरीच्या, भजनाच्या. मग लोकांनी टोप्या घालायचं सोडलं. दुसरा कोणी असता तर मोबाइलची कव्हरं विकायला बसला असता. हा म्हणाला, “मला डोक्यांशिवाय दुसरं काही कळत नाही,” आणि डोक्यावर घालायचं आता काय उरलंय ते शोधत शोधत हेल्मेटवर आला. तेही फक्त सायकलच्या. कोणी मोटारसायकलचं मागायला आलं की सांगायचा, “ते पोलिसाला दाखवायचं असतं. माझ्याकडे डोक्यासाठीचं मिळतं.”

स्वतःला सायकल येत नव्हती. जन्मात कधी बसला नव्हता. डोक्यावर कायम स्वतः शिवलेली काळी टोपी.

मी कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं हेल्पर होतो. सायकलवरूनच गेलेलो, सायकलवरूनच आलेलो, आणि डोक्याला उपरण्याशिवाय काही बांधलेलं नाही. बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून रोज दहा वाजता त्या बोळातल्या चहावाल्याच्या बाकड्यावर येऊन बसायचो. समोर त्याचं दुकान. चार-पाच वर्षं मी त्याला असा बघितला. वयाने मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. इथे करत नाही. तो तर सगळ्यांनाच अरे-तुरे करायचा, मोटारीतून उतरलेल्या डॉक्टरलासुद्धा.

गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला सवाल ठरलेला. “डोकं कुठाय?”

म्हणजे हेल्मेट ज्याला घालायचंय तो माणूस कुठाय. नवऱ्यासाठी बायको आली, मुलासाठी बाप आला, की हा हात झटकायचा. “डोकं घेऊन ये.” मापाचा आकडा चालायचा नाही, फोटो चालायचा नाही. एकदा एका पुढाऱ्याची माणसं आली. सायकल रॅली होती, चाळीस हेल्मेटं एकदम पाहिजे होती. चहावाला उडालाच. “काका, नशीब उघडलं तुमचं!” टोपीवाल्याने मान वर केली नाही. “चाळीस डोकी पाठवा,” म्हणाला. ती माणसं हसत हसत दुसरीकडे गेली.

डोकं आलं की त्याला स्टुलावर बसवायचा. आधी टेप नाही. आधी हात. डोळे मिटून दोन्ही तळवे डोक्यावरून फिरवायचा, खरबूज बघतात तसे. मग गळ्यातली शिंप्याची टेप भुवयांच्या वरून फिरवायची आणि मोठ्याने इंच सांगायचे. हेल्मेटच्या खोक्यांवर सेंटीमीटर लिहिलेले असतात, पण त्याने ते कधी मानले नाहीत. इंच आणि सूत. आठ सुतांचा एक इंच.

मग हेल्मेट चढवायचा. “भुवयांवर दोन बोटं. तिसरं बोट मावलं तर ते हेल्मेट नाही, मखर आहे.” पट्टे कानाच्या पाळीखाली येऊन मिळाले पाहिजेत. हनुवटीखाली एक बोट जाईल, दुसरं नाही. मग म्हणायचा, “जांभई दे.” तोंड उघडलं की हेल्मेट टाळूवर दाबलं गेलं पाहिजे. त्या बोळातून जाताना तुम्हाला एखादा सुटाबुटातला माणूस स्टुलावर बसून आ वासून जांभया देताना दिसायचा.

आणि शेवटी सवाल. हेल्मेट हलतंय का हे बघायला मान जोरात हलवायला लागते. हा “मान हलव” असं सरळ सांगायचा नाही. असा काही विचारायचा की माणसाची मान आपसूक हलली पाहिजे. सरकारी नोकराला विचारायचा, “लाच खाल्लीस कधी?” तो बिचारा दोन्हीकडे जोरजोरात मान हलवायचा. हा हेल्मेटकडे बघून म्हणायचा, “हेल्मेट नाही हलत. तुझं काय ते तू बघ.” कॉलेजच्या पोराला, “बापाचं ऐकतोस?” अंबाडा घालून आलेल्या मास्तरीणबाईंना, “नवरा भांडी घासतो?” त्या बाईंची मान अशी हलली की हेल्मेट अंबाड्यावरून घसरून नाकावर आलं. “अंबाडा सोड, वेणी खाली घाल आणि ये. अंबाड्याचं माप मी देत नाही.” त्या रागावून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वेणी घालून आल्या.

डोंबिवलीचा तो डॉक्टर तर स्वतःचं हेल्मेट घालूनच आलेला, परदेशातलं. फक्त पट्टा सैल झालाय म्हणाला. टोपीवाल्याने बघितलं, हेल्मेट मागे सरकलेलं, कपाळ सगळं मोकळं.

“कपाळ उघडं कशाला ठेवलंयस? गंध लावायचंय?”

“काका, असंच कम्फर्टेबल वाटतं.”

“झोपल्यावरही वाटतं,” हा म्हणाला, आणि हेल्मेट धरून दोन बोटं खाली ओढलं.

मी समोरच्या बाकड्यावर बसून हे सगळं ऐकायचो आणि हसायचो. शंभर वेळा तरी ऐकलं असेल. दोन बोटं, एक बोट, जांभई. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पण ह्या शाळेत माझी हजेरी पूर्ण होती.

माझा मुलगा टिटवाळ्याला राहतो, नव्या इमारतीत. मी कल्याणलाच, जुन्या खोलीत. नातीला त्याने सायकल घेतली. सून म्हणाली, “हेल्मेट असेल तरच रस्त्यावर. नाहीतर खाली पार्किंगमध्ये.” मुलगा मोबाइलवरून मागवणार होता. मी म्हटलं, “मोबाइल कशाला? माझी ओळख आहे. मी आणतो.” आजोबांनी काही आणून द्यायचं म्हटलं तर आता उरलंय काय? सगळं त्यांच्या घरात असतं. हेल्मेट तरी माझ्या हातचं असू दे, असं वाटलं.

आधी एकटाच गेलो. वाटलं, मी रोजचा माणूस.

“डोकं कुठाय?”

“अहो, ती शाळेत असते. माझ्यावरून अंदाज घ्या. आमच्या घराण्यातच आहे ती.”

त्याने मला स्टुलावर बसवलं. चहावाला बघत होता. माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि मागे आल्यावर थांबला. “चपटंय,” म्हणाला. “तुझी आई कामाला जायची.”

“म्हणजे?”

“पोराला उताणं टाकून जायची. दिवसभर. कूस बदलायला कोणी नाही. मग डोकं मागून असं बसतं. ज्यांच्या घरी तेल लावून डोकं वळायला बाई होती, त्यांची गोल असतात.”

खरं होतं. आमचं गाव देशावर, आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. मला बांधावर टाकायची. पण हे चहावाल्यासमोर मोठ्याने सांगायची काय गरज होती? मी उठलो. “माझ्या आईचं माप घ्यायला नाही आलो मी.”

“मग डोकं घेऊन ये,” तो म्हणाला.

त्या रविवारी नातीला घेऊन गेलो. ती वाटभर बडबड करत आलेली. स्टुलावर बसली, पाय हलवत. त्याने हात फिरवले आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर मी हसू बघितलं. “सुरेख डोकं आहे,” म्हणाला. “हिला वळलेली दिसतेय कोणीतरी.”

“आमच्या हिने,” मी म्हटलं. बायकोने. चार महिने रोज तेल लावलेलं तिने नातीला.

टेप फिरवली. “एकवीस. बरोबर एकवीस.”

खुंटीवरचं लाल हेल्मेट काढून घातलं. दोन बोटं. कान. हनुवटी. पोरीने मोठी जांभई दिली, आवाज करून. मग त्याने सवाल विचारला.

“काय गं, तुझे आजोबा शहाणे आहेत का?”

पोरगी माझ्याकडे बघून खुदकन हसली आणि जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. हेल्मेट जरासुद्धा हललं नाही. “आजोबा, बघा ना, हलतच नाही!” चहावाला हसला. बाकड्यावरचे दोघे हसले. रोज मी हसायचो तसेच.

मला तिथे काय झालं ते मी आता कितीही सांगितलं तरी कमीच. आधी आई, आता नात. मी खोकं उचललं, साईझ बघितला आणि म्हटलं, “हे लहान आहे. ह्याच्यापेक्षा मोठं द्या. चार वर्षं चाललं पाहिजे.”

“मोठं कशाला?”

“वाढतं अंग आहे.”

“अंग वाढतं. अकरा वर्षांच्या पोराचं डोकं जवळजवळ झालेलं असतं. ह्यापुढे वाढतं ते आतलं.”

“मला शिकवू नका. दोन पोरं वाढवलीत मी. शर्ट, चप्पल, दप्तर, सगळं वाढत्या मापाचं घेतलं. काही अडलं नाही.”

“शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. हे कुठे दुमडणार?”

“गिऱ्हाईक मी आहे. मला मोठं पाहिजे.”

“गिऱ्हाईक ही आहे,” तो नातीकडे बोट दाखवून म्हणाला. “तू सोबत आलायस. हिला मी मोठं देणार नाही.”

“आजोबा, हेच घ्या ना,” पोरगी म्हणाली. “मला लालच आवडलंय.”

मी तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला. माझ्या हाताने. हेल्मेट काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवलं आणि तिचा हात धरून बोळातून बाहेर पडलो. तो मागून हाक मारेल असं वाटलेलं. मारली नाही. मीही वळलो नाही.

दोन दिवसांनी ठाण्याला गेलो. स्टेशनबाहेर एक जण रस्त्यावर मांडून बसलेला, त्याच्याकडून पिवळं हेल्मेट आणलं, मोठ्या माणसाचं. घरी येऊन स्वतःच्या डोक्यावर घालून बघितलं, मलाच जरा सैल. मग आमच्या हिची ट्रंक उघडली. हिचं एक जुनं मऊ पातळ काढलं, फाडलं, पिळे दिले आणि चुंबळ बांधली. आई डोक्यावर हंडा घ्यायची तेव्हा खाली ठेवायची तशी, गोल, घट्ट. हेल्मेटच्या आत बरोबर बसवली. वर हेल्मेट, खाली डोकं, मध्ये चुंबळ. मी त्याला हरवलं होतं. तीन-तीन हंड्यांची उतरंड चुंबळीवर हलत नाही, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण हंडा घेऊन बाई सरळ चालते. ती पडत नाही. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नातीने घातलं. म्हणाली, “आजोबा, डुगडुगतंय.” मी पट्टा आणखी आवळला. सून म्हणाली, “आप्पा, दुकानदाराने बघून दिलंय ना?” मी म्हटलं, “तर!”

इमारतीच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत उतार आहे. मी फाटकात उभा होतो, वॉचमनला सांगत होतो की हेल्मेट मी आणलंय. मधूनच कुत्रं आडवं आलं. पोरीने ब्रेक दाबला आणि हँडलवरून पुढे गेली. हेल्मेट आधीच मागे गेलेलं, मानेवर. पट्टा सुटला नव्हता, गळ्यात तसाच होता. कपाळ सगळं मोकळं. फुटपाथच्या कडेचा दगड कपाळाला लागला. चुंबळ निघाली आणि उतारावरून घरंगळत खाली गेली. माणूस वेडा असतो. मी एक क्षण त्या चुंबळीकडे बघत होतो.

अठरा दिवस ती शुद्धीवर नव्हती. आधी कल्याण, मग ठाणे. डॉक्टर म्हणाले, वाचली हे मोठं. मग आणखी काही म्हणाले, ते मुलाने ऐकलं आणि मला सांगितलं नाही. पुढे दिसत गेलं.

त्यांच्या घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. मुलगा नाही, सून नाही. ती अजून माझ्या पुढ्यात चहा ठेवते, आल्याचा, मला लागतो तसा. त्यांना माहीतच नव्हतं. लाल हेल्मेट तिच्या डोक्यावर बसलेलं होतं आणि मी ते काढलं, हे लक्षात ठेवणारी माणसं तीन; चहावाला नि बाकड्यावरचे हसून विसरले असणार. मी, तो आणि ती. तिच्यातून ते गेलं. राहिलो दोघे.

दोन वर्षं मी त्या बोळात पाऊल टाकलं नाही. गेल्या महिन्यात सुनेने माळा साफ करायला काढला, तेव्हा पिवळं हेल्मेट खाली आलं. वॉचमनने चुंबळ उचलून परत आत घातलेली, ती तशीच. सून म्हणाली, “आप्पा, हे भंगारवाल्याला देऊ?” मी म्हटलं, मी देतो. पिशवीत घातलं आणि दुपारी कल्याणला उतरून थेट त्या बोळात गेलो. मला शिव्या पाहिजे होत्या. साऱ्या दुनियेत त्या देणारा एकच माणूस शिल्लक होता.

तो फार उतरलेला. दुकानात माल अर्धा. लाल हेल्मेट खुंटीला नव्हतं, विकलं गेलं असणार. सवयीने म्हणाला, “डोकं कुठा...” आणि माझ्या हातातली पिशवी बघून थांबला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याची काळी टोपी डोक्यावर नव्हती. खुर्ची पुढे ओढायला तो वळला तेव्हा मला त्याचं डोकं मागून दिसलं. चपटं. अगदी माझ्यासारखं.

मी सगळं सांगितलं. त्याने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. आतून चुंबळ काढली, बोटांनी दाबून बघितली.

“पातळाची?”

“हिच्या.”

“बांधलीस मात्र चांगली,” तो म्हणाला.

मी वाट बघत बसलो. शेवटी मीच म्हटलं, “शिव्या द्या ना. तुम्ही सांगितलेलं. मी ऐकलं नाही.”

“मी तो सवाल विचारायला नको होता,” तो म्हणाला. “पोरीसमोर तुझी थट्टा केली. शाळेचं विचारायचं, आमटी आवडते का विचारायचं, मान हललीच असती. आणि तू निघालास तेव्हा मला माहीत होतं तू मोठंच घेणार. हाक मारायची होती. मारली नाही. चूक माझी.”

“चूक माझी आहे.”

“माझी.”

“अहो, पट्टा मी सोडला! माझ्या हाताने!”

“मी सोडू दिला.”

दोन म्हातारे एका खाटेएवढ्या दुकानात भांडत होतो. मी माझं म्हणून जे एक घेऊन आलेलो, तेही तो मला देईना. मला असा राग आला की मी ओरडलो, “चूक माझी, पण मी वेडा नव्हतो! वाढतं अंग होतं! चार वर्षांनी तिला मोठंच लागलं असतं!”

चहावाला समोरून बघायला लागला. टोपीवाल्याने गळ्यातली टेप काढली, चार बोटांवर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

“जा. मोजून बघ.”

“आणि तुम्हाला?”

“मला आता नको,” तो म्हणाला. हेल्मेट आणि चुंबळ त्याने ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिटवाळ्याला गेलो. नात खिडकीपाशी बसलेली, सुनेने वेणी घालून दिलेली. मी टेप काढली तशी ती उठून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. फ्रॉकचं माप घेताना करतात तसे. मी म्हटलं, “बाय, हात खाली कर, डोक्याचं घ्यायचंय.” तिला कळलं नाही. हसली. मी टेप भुवयांच्या वरून फिरवली, कपाळावरच्या व्रणावरून नेली आणि चष्मा लावून आकडा बघितला. दोनदा बघितला.

एकवीस इंच आणि एक सूत.

सून ओले हात पुसत दारात आली. “आप्पा, कसलं माप घेताय?”

मी टेप तशीच धरून तिला त्या रविवारपासूनचं सगळं सांगायला लागलो. पोरीने हात अजून वरच धरलेले.